समुद्राला आपण काय धाडतो

पुण्यात मुठेच्या पुलावरून कुणी निर्माल्य पिशवीसकट नदीत सोडलं, तर ती पिशवी अरबी समुद्राकडे जात नाही. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकचं पाणी गोदावरी त्याच उपसागराला नेते. नागपूरची नाग नदी कन्हानमध्ये जाते, कन्हान वैनगंगेत, आणि वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत. खानदेशाचं पाणी तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात सोडते. वाटेत उजनीसारखी धरणं बराच कचरा अडवतात, काही गाळात रुततो, काही वर्षानुवर्षं काठावर पडून राहतो. पण उताराची दिशा ठरलेली आहे. महाराष्ट्राचा किनारा काहीशे किलोमीटरचा असला, तरी समुद्राशी व्यवहार साऱ्या राज्याचा आहे, आणि तो रोजचा आहे.

या संग्रहाचा विषय तो रोजचा व्यवहार. काय खातो, काय विकत घेतो, कशाने धुतो, काय फेकतो, सुट्टीत कुठे जाऊन काय करतो, या निर्णयांचा समुद्राशी संबंध कसा जुळतो आणि तो सुधारायला आपल्या हाती किती आहे, हे इथे तपासलं आहे. या विषयावर लिहिताना दोन टोकं गाठणं सोपं असतं. एक, स्टीलची बाटली घेतली की समुद्र वाचला. दुसरं, कारखाने आणि सरकारं बदलल्याशिवाय काही होणार नाही, तेव्हा आपण स्वस्थ बसावं. या संग्रहातल्या लेखकांना दोन्ही मान्य नाहीत. का नाहीत, हे सांगण्यासाठी आधी विषयाचा आवाका पाहावा लागेल.

समुद्राचं नुकसान मुख्यतः चार बाजूंनी होतं. पहिली बाजू, आपण त्यातून काय काढतो: मासे, वाळू, प्रवाळ. दुसरी, त्यात काय टाकतो: सांडपाणी, शेतातून वाहून आलेली खतं, तेल, प्लास्टिक, फाटकी जाळी. तिसरी बाजू डोळ्यांना दिसत नाही. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो, त्याने पाण्याची आम्लता वाढते. आणि तापमानवाढीने साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरली आहे. चौथी बाजू किनाऱ्याच्या जमिनीची: भराव, तोडलेली कांदळवनं, भरतीरेषेला चिकटलेली बांधकामं. घरातला जवळजवळ प्रत्येक खर्च या चारांपैकी कुठल्या तरी एका बाजूला जाऊन लागतो. पण सगळ्या बाजूंचं वजन सारखं नाही, आणि इथेच बहुतेक हौशी याद्या फसतात. शहाळ्यातली नळी आणि शहराचं प्रक्रिया न केलेलं मैलापाणी एकाच यादीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलं की वाचणारा नळीवर समाधान मानतो.

समुद्र जपावा लागतो, ही समजूत फार जुनी नाही. १८८३ साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सलेसारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने समुद्रातली मोठी मासेमारी अक्षय असल्याचं सांगितलं होतं, आणि त्या काळच्या शिडाच्या बोटींकडे पाहता ते पटण्यासारखं होतं. १९५१ साली रेचल कार्सन यांचं 'द सी अराउंड अस' आलं आणि समुद्र हा सामान्य वाचकाच्या कुतूहलाचा विषय झाला. १९६७ साली 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडजवळ फुटलं आणि काळे पडलेले किनारे जगाने पाहिले. जहाजांच्या प्रदूषणाला आळा घालणारा 'मारपोल' हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला. १९९२ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाचा साठा इतका घसरला की शेकडो वर्षं चाललेली ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारोंचा रोजगार गेला. हक्सलेंच्या समजुतीचा तिथे हिशोब झाला.

कॉडच्या या धक्क्यानंतर ग्राहकाकडे बोट वळलं. १९९७ साली 'मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल' स्थापन झाली आणि नीट राखलेल्या मासेमारीला प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. १९९९ साली अमेरिकेतल्या माँटेरे बे मत्स्यालयाने कुठला मासा घ्यावा, कुठला टाळावा, याची खिशात मावणारी पत्रकं वाटायला सुरुवात केली. भारतात हे प्रमाणपत्र पहिल्यांदा मिळालं २०१४ साली, केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना. प्लास्टिकचा प्रश्नही याच दशकांमध्ये ऐरणीवर आला. टेक्ससच्या किनाऱ्यावर १९८६ साली सुरू झालेली सफाई पुढे जगभर पसरली. या मोहिमेचं वेगळेपण हे, की सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली गेली. २००४ साली रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म प्लास्टिककडे लक्ष वेधलं. २०१५ साली एका गाजलेल्या अभ्यासाने २०१० या एका वर्षात समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टनांच्या दरम्यान असल्याचा अंदाज मांडला.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळ्या जागी सुरू होते. भारतात समुद्राची पहिली मोठी लढाई ग्राहकांनी लढली नाही, मच्छीमारांनी लढली. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक बोटी आणि ट्रॉलर आले, कोळंबीच्या निर्यातीला भाव आला आणि किनाऱ्याजवळचा तळ खरवडला जाऊ लागला. गोव्यात किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं केलं. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, त्यामागे देशभरातल्या अशा संघर्षांचा रेटा होता. १९८१ सालीच इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याबद्दल पत्र लिहिलं. त्यातून पुढे १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. २००१ साली बहिरी माशाला, म्हणजे व्हेल शार्कला, आणि पाठोपाठ प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. २०१२ साली राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. २०१५ साली अफरोज शाह यांनी वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला आणि शहरी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने वाळूवर उतरला.

या इतिहासातून समुद्र राखण्याचे चार विचारप्रवाह दिसतात. पहिला कायद्याचा: बंदी, परवाने, अभयारण्यं. दुसरा बाजाराचा: ग्राहकाने जाणतेपणाने निवडलं की उत्पादक बदलेल. तिसरा समुदायाचा: जे समुद्रावर जगतात त्यांनाच राखणीचा हक्क आणि जबाबदारी द्यावी, सामाईक संपत्ती लोक स्वतःचे नियम करून टिकवू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा या प्रवाहाला विद्यापीठांतही वजन आलं. चौथा लोकसहभागाचा: सफाई, नोंदी, किनाऱ्यावरच्या अभ्यासफेऱ्या.

रोजच्या निवडींची भाषा मुख्यतः दुसऱ्या प्रवाहातून आली, आणि तिच्यावरचे आक्षेप वाचकाने सुरुवातीलाच ऐकलेले बरे. अमेरिकेत १९७१ साली कचरा पाहून डोळ्यांतून अश्रू ढाळणाऱ्या माणसाची एक जाहिरात खूप गाजली. ती काढणाऱ्या संस्थेमागे शीतपेयं आणि वेष्टनांच्या धंद्यातल्या कंपन्या होत्या. प्रदूषण माणसं करतात आणि माणसंच थांबवू शकतात, असा तिचा सूर होता. बाटल्या परत घेण्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न त्यात विरघळून गेला. दुसरं उदाहरण ट्यूनाचं. पूर्व पॅसिफिकमध्ये ट्यूनाचे थवे डॉल्फिनच्या खाली पोहतात, म्हणून जाळी थेट डॉल्फिनभोवती टाकली जायची. बोटीवरचं चित्रीकरण लोकांसमोर आलं, खवळलेल्या ग्राहकांनी डबे घेणं सोडलं, आणि १९९० साली मोठ्या कंपन्यांनी अशी मासळी न घेण्याचं जाहीर केलं. डॉल्फिनचे मृत्यू झपाट्याने घटले. पण काही बोटी तरंगत्या ओंडक्यांभोवती जाळी टाकू लागल्या आणि तिथे शार्क, कासवं आणि ट्यूनाची पिल्लं जास्त अडकू लागली. ग्राहकाला ताकद आहे. मात्र ती डब्यावर जे लिहिलेलं असतं तेवढंच पाहते.

या संग्रहाची भूमिका या दोन उदाहरणांतून घडली आहे. गुपचूप केलेली चांगली खरेदी एका पिशवीपुरती राहते. तीच निवड विक्रेत्यासमोर, सोसायटीच्या सभेत, प्रभाग कार्यालयात प्रश्न म्हणून उभी राहिली, की तिला दुसऱ्यांच्या निवडी बदलण्याची शक्यता येते. तोंड धुण्याच्या स्क्रबमधल्या प्लास्टिकच्या बारीक मण्यांचं हेच झालं. आधी नेदरलँड्समधल्या कार्यकर्त्यांनी लोकांना बाटलीमागचा मजकूर वाचायला शिकवलं, मग लोकांनी कंपन्यांना विचारलं, आणि २०१५ साली अमेरिकेने व पुढे ब्रिटनने कायद्यानेच ते बंद केले. ज्यांनी कधी बाटली उलटून पाहिली नाही, त्यांच्याही घरातून ते मणी गेले. रोजच्या निवडीची कसोटी आम्ही हीच धरली आहे: ती आपल्यापलीकडे कुणाला ऐकू जाते का?

मासळी बाजारात ही कसोटी लावून पाहू. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. तरीही हंगामात त्याहून लहान, तळहातावर मावतील अशी पापलेटं पाटीत दिसतात, वाट्याने विकली जातात आणि स्वस्त म्हणून आधी उठतात. एकदाही वीण न झालेला मासा तव्यावर गेला, की पुढच्या वर्षीच्या मासळीतून तेवढी वजाबाकी होते. ही पिल्लं फक्त ट्रॉलरवरच येतात असं नाही. बोंबील-जवळ्यासाठी लावलेल्या पारंपरिक डोल जाळ्यांच्या बारीक आसांतही ती सापडतात. पारंपरिक ते सगळं निर्दोष, असं म्हणून इथे सुटका नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाने मुकाट्याने पुढच्या पाटीकडे वळण्यापेक्षा "मावशी, हे बारकं नको, मोठं असेल तेव्हा घेईन," असं म्हणणं जास्त कामाचं. कोळीण लिलावात माल उचलताना गिऱ्हाइकाची ही बोली लक्षात ठेवते. दहा जणांनी म्हटलं, तर बोटवाल्यापर्यंत जाते.

या बाजारात आणखी बरंच विचारण्यासारखं आहे. मुशी हा शार्क. त्याला पिल्लं थोडी होतात आणि ती वयात यायला वर्षं लागतात, त्यामुळे स्वस्त आणि बिनकाट्याची म्हणून नेहमी मुशी घेणं समुद्राला महाग पडतं. गाबोळी भरलेल्या माशाला आपण चार पैसे जास्त मोजतो, म्हणजे विणीवर आलेल्या माद्यांचीच मागणी वाढवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघराला या बंदीची अडचण कधी वाटली नाही. उन्हाळ्यात वाळवलेले सोडे, सुकट, सुके बोंबील पावसात निघायचे, मग श्रावण, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात. बर्फाच्या गाड्या आणि शीतगृहं आली आणि बारा महिने सुरमई-पापलेट मिळालंच पाहिजे अशी सवय लागली. ताटात मांदेली, तारली, बांगडा, बोंबील, तिसऱ्या आळीपाळीने आल्या, तर दोन-चार जातींवरचा भार हलका होतो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

मासे न खाणाऱ्यांनी मात्र सुटलो असं समजू नये. घरातून समुद्राला सर्वांत जास्त जातं ते सांडपाणी. मुंबईत वरळी आणि वांद्रे इथून मैलापाण्याचे बोगदे तीन किलोमीटरहून अधिक आत समुद्रात जातात. शहरात सात नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत, त्यांची क्षमता रोज २४६ कोटी लिटर पाण्याची आहे. शहर समुद्राला काय धाडतं याचा अंदाज या आकड्यावरून यावा. या प्रवाहात आपली साबण-पावडर, तळणीचं तेल, औषधं, पॉलिस्टरच्या कपड्यांतून धुण्यात सुटलेले तंतू असतात. कपडे कमी वेळा आणि मशीन भरून धुणं, पावडर मोजून घालणं, तेल मोरीत न ओतणं या सवयी साध्या आहेत, आणि त्यांचा उपयोग मर्यादित आहे हेही मान्य करायला हवं. सोसायटीचं स्वतःचं प्रक्रिया केंद्र असेल, तर ते खरोखर चालू आहे की वीजबिल वाचवायला बंद ठेवलं आहे, हे सभेत विचारणं त्याहून कितीतरी मोठं काम आहे.

सण, सहली आणि शोभेच्या वस्तू यांचाही या संग्रहात विचार आहे. वास्तुदोष घालवायचा म्हणून काचेच्या चौकटीत विकलं जाणारं 'इंद्रजाल' ही काही वनस्पती नव्हे. तो काळ्या प्रवाळाचा किंवा समुद्रपंख्याचा सांगाडा असतो, आणि तो विकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मार्गदर्शक सूचना दिल्या. पण शाडूही हजारो मूर्तींनी एका खाडीत ओतला तर गाळच होतो, म्हणून घरच्या बादलीतलं विसर्जन आणि तीच माती पुढच्या वर्षी, हा मार्ग अधिक चांगला. वेळासला कासवांची पिल्लं पाहायला जाणारा पर्यटक गावातल्या घरी राहतो-जेवतो, तेव्हा घरट्यांची राखण गावाला परवडते. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना सापडली. अशी दोन किनाऱ्यांची पाहुणी मच्छीमाराच्या जाळ्यात अडकली, तर जाळं कापून तिला सोडणाऱ्याला राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. राखणीचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो, त्याला तो भरून दिला पाहिजे, हे तत्त्व त्या योजनेत आहे. ते या संग्रहाच्या जवळजवळ प्रत्येक लेखात कुठे ना कुठे येतं.

हे सगळं आत्ताच का? एक कारण हवामानाचं आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अरबी समुद्र तापतो आहे आणि बोटी बंदरात बांधून ठेवण्याचे दिवस वाढत आहेत. दुसरं कारण कायद्याचं. बऱ्याच गोष्टी कागदावर येऊन थांबल्या आहेत. एकल वापराच्या प्लास्टिकवर राज्याने २०१८ साली आणि केंद्राने २०२२ साली निर्बंध घातले, तरी भाजीवाल्याकडची पातळ पिशवी गेलेली नाही. खुल्या समुद्राच्या जैवविविधतेचा जागतिक करार २०२३ साली मंजूर झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये अमलात आला; प्लास्टिकविषयीच्या जागतिक कराराची बोलणी मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात फिसकटली. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज बुडालं आणि केरळच्या वाळूवर प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे दाणे पसरले. नियम आहेत, त्यांच्या अंमलबजावणीची मागणी करणारे लोक कमी आहेत. ही मधली जागा नागरिकच भरू शकतो.

या संग्रहात काय मिळणार नाही, हेही सांगायला हवं. अपराधीपणाची भावना जागवणारी याद्यांची माळ इथे नाही. महाग दुकानातल्या 'हरित' वस्तूंची शिफारसही नाही; ज्यांना पिशवीभर पैसे मोजता येतात त्यांच्यापुरतं समुद्र राखणं हा या विषयाचा सर्वांत उथळ अर्थ झाला असता. लेखकांत आपापसांत मतभेद आहेत. माशांचा अख्खा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर पूर्ण बंदी हवी की कडक मर्यादा, प्रमाणपत्रांचा लहान मच्छीमाराला फायदा होतो की तोटा, किनारा सफाईने लोक जागे होतात की महापालिका निवांत होते, यावर दोन्ही बाजू इथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. मात्र एका गोष्टीवर सर्वांचं एकमत आहे: शहरातल्या ग्राहकाच्या शुद्ध निवडीची किंमत कोळीवाड्याने एकट्याने मोजावी, हे चालणार नाही. म्हणून प्रत्येक लेखात, सुचवलेल्या बदलाने कुणाचा खर्च वाढतो आणि तो कुणी उचलावा, याचा विचार केलेला आढळेल.

लेख कुठल्याही क्रमाने वाचावेत. वाचण्याआधी एक काम मात्र करावं. आपल्या घराचं सांडपाणी कुठल्या प्रक्रिया केंद्रात जातं, त्यातलं किती खरंच शुद्ध होतं आणि उरलेलं कुठल्या नाल्यात, नदीत किंवा खाडीत सोडलं जातं, हे शोधून काढावं. महापालिकेला दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो. सुरुवात तिथून करता येते. उत्तर सापडलं तर सोसायटीच्या फलकावर लावा. नाही सापडलं तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.